दुसऱ्या घरची उपकारस्तुती

माझी मुलगी आता बावीस वर्षांची आहे आणि तिला मी अजून हातानं भरवते. जन्मताना तिला रडायला उशीर झाला. तेवढ्या उशिरानं तिचे हातपाय, बोलणं, सगळंच आखडून गेलं. लहान होती तोवर कडेवर घेऊन कुठंही जाता यायचं. आता पलंगावरून खुर्चीत बसवायचं तरी अंगातलं त्राण जातं. नवरा वरठीला कारखान्यात पाळीनं जातो. तो घरी असला की तो उचलतो, नसला की मी.

आमच्या चर्चच्या मंडळीत तिच्याच वयाची आणखी एक मुलगी आहे. तिची आई आणि मी एकाच वर्षी गरोदर होतो. दोन्ही लेकरांचं देवाला समर्पण पाळकसाहेबांनी एकाच रविवारी केलं. ती मुलगी चालायला लागली, संडेस्कूलमध्ये वचनं पाठ म्हणू लागली, सायकलनं कॉलेजात जाऊ लागली, आणि दर वेळी मी घरी येऊन देवाला विचारलं, मलाच काहून? पुढंपुढं तेही विचारणं बंद झालं. उपासनेत उभं राहून देवानं काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली की मी मुलीची लाळ पुसत बसायची. लोकांना वाटायचं, मी तिच्यात गुंतलेय.

मागच्या वर्षी त्या मुलीला पुण्याला दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. आईवडिलांनी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली आणि आम्हाला बोलावलं.

"तुम्ही जा," मी नवऱ्याला म्हटलं. "मले नाही यायचं. दर टायमाले दुसऱ्याचंच आयकाचं का?"

तो बूट काढत होता. नुकताच पाळीवरून आला होता, डोळे लाल होते. "मी बी थकलो आहे," तो म्हणाला. "पण त्याइनं मनापासून बोलावलं. थोडा वेळ बसू अन् येऊ."

मुलीला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून घट्ट धरून मी गेले.

अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्यानं मानावे. कोणी नव्या घराबद्दल मानले, कोणी बऱ्या झालेल्या आजाराबद्दल. मग पुन्हा ढोलकी वाजली, तशी माझी मुलगी दचकून किंचाळायला लागली. माना वळल्या. मी तिला कसंबसं मागच्या पडवीत नेलं. तिथं चुलीवर भाताचं पातेलं चढलं होतं. मी भिंतीला टेकून तिला मांडीवर घेतलं.

थोड्या वेळानं त्या मुलीची आई मागं आली. झाकण काढून भात पाहिला, परत ठेवलं, आणि माझ्याजवळ खालीच बसली.

"ताई, मले तर तुमचा हेवा वाटते," ती म्हणाली.

"कायले थट्टा करता?"

"थट्टा नाही. माही पोरगी महिनाभर झाला माझ्याशी बोलत नाही. एवढ्या दूर नको जाऊ म्हटलं, तर म्हणते, तुझ्यापासून दूर व्हायसाठीच जाऊन राहिली. बाहेर सारे आभार मानून राहिले, अन् मी भाताचं निमित्त करून इथं आली."

तिनं पदर तोंडाशी धरला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. घरी जाताना नवऱ्यानं विचारलं, "बरं वाटलं ना येऊन?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला पेज भरवत होते. ते हलकेपण अजून होतं. ते कुठून आलं हे मनात आलं आणि माझा हात थांबला. ते त्या बाईच्या रडण्यातून आलं होतं. इतकी वर्षं तिच्या सुखानं मी खचत आले, आणि आता तिच्या दुःखानं सावरत होते. उद्या तिची मुलगी गोड बोलली की मी पुन्हा तिथंच. या तोलण्याचा मला फार शीण आला होता. मुलीला उचलण्याचाही इतका आला नसेल.

मुलीनं वाटीकडे पाहून तोंड उघडलं. मी मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, आज हिला ठसका लागला नाही. तुझे आभार." दुसऱ्या कोणाचं काही त्याच्याशेजारी मांडलं नाही. आनंदबिनंद काही झाला नाही. पेज तेवढी संपली.

मग मी त्या आईला फोन केला. "बोलली का?"

"नाही."

"मग दोघी मिळून देवाले मागू."

तिची मुलगी तिच्याशी न बोलताच पुण्याला गेली. त्यानंतर आम्ही दुपारी फोनवर प्रार्थना करायचो. कधी माझ्या तोंडून आभार निघायचे, कधी नुसतीच कुरकुर निघायची. ती दोन्हीला आमेन म्हणायची.

नाताळाच्या आधी एका दुपारी तिचा फोन आला. हसत होती की रडत होती कळेना. "ताई, पोरीचा फोन आला! खोकल्यानं बेजार आहे, म्हणते, आई, तू काढा कसा करत होती?"

माझ्या छातीत ते जुनं काहीतरी टोचलं. माझी मुलगी मला कधी काही विचारणार नाही.

"तुम्हीच आभार माना ना," ती म्हणाली. "माझ्यानं बोलनं होऊन नाही राहिलं."

मी मानले. पहिलं वाक्य जड गेलं, दुसरं जरा सोपं गेलं. आमेन झाल्यावर ती आणखी बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. मग मुलीचे कपडे बदलायचे होते, म्हणून फोन ठेवला.