मानेच्या आतला डोळा

गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात शेवटी येतो तो डोळे काढणारा. अंगाचा रंग, पितांबर, दागिने सगळं उरकलं की त्याला हाक मारतात. या कामाला आम्ही आखणी म्हणतो. मी बेचाळीस वर्षं आखणी केली. वर्षातले आठ महिने मुलुंडच्या एका शेडमध्ये लोखंडी कपाटांवर स्प्रे मारायचा आणि उरलेले चार महिने देवाला नजर द्यायची. ती कपाटं अजून कुणाकुणाच्या घरात उभी असतील. देव मात्र सगळे पाण्यात गेले.

त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. विसर्जन होणार हे माहीत असूनच ब्रश उचलायचा असतो, नाहीतर माणसाने कपाटंच रंगवावीत. पण बायको गेल्यापासून माझं डोकं जरा वाकड्यात चालतं. घरात बोलायला कुणी नसलं की आवाजसुद्धा जड होतो, फोन उचलण्याआधी खाकरून घ्यावं लागतं. सोसायटीत माणसं चांगली आहेत. लिफ्टमध्ये विचारतात, काका, जेवलात का? मी हो म्हणतो. लिफ्ट थांबते, ती उतरतात. दिवसभराचं बोलणं तेवढंच.

मुलगी तीन वर्षं मनिलात नोकरीला आहे. दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. पंधरा मिनिटं माझ्या गोळ्या, पाच मिनिटं तिच्या ऑफिसातल्या कटकटी, मग दोघंही एकमेकांकडे बघत बसतो. तिलाही तिथे एकटं वाटतं हे मला कळतं आणि मला इथे वाटतं हे तिला. ते बोलायचं मात्र दोघंही टाळतो.

एका रविवारी ती घरी नव्हती. शहराबाहेरच्या एका जुन्या चर्चला गेली होती. बाजूला छोटं संग्रहालय होतं, तिथूनच तिने फोन लावला. म्हणाली, बाबा, तुमच्या लाइनमधलं काहीतरी आहे, बघा. आणि तिने फोन एका लाकडी मूर्तीसमोर धरला.

हातभर उंचीची मेरी होती. स्पॅनिश लोक तिथे नुकते आले होते त्या काळातली, म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वीची. पाटीवर घडवणाऱ्याचं नाव नव्हतं. स्थानिक कारागीर, एवढंच. गाइड जे सांगत होता ते मुलगी मला मराठीत सांगत होती. हा माणूस म्हणे आधी आपल्या लोकांच्या वाडवडिलांच्या लाकडी मूर्ती करायचा. पाद्री आले, त्यांनी त्या सगळ्या जाळून टाकल्या, आणि त्याच माणसाच्या हातात कागदावरचं एक चित्र देऊन सांगितलं की आता आमची देवी कर. गोरी बाई त्याने जन्मात पाहिलेली नसणार. त्याने केलेली मेरी त्याच्याच गावातल्या एखाद्या बाईसारखी दिसत होती. रुंद चेहरा, बसकं नाक.

मी मुलीला म्हटलं, फोन खाली घे. अजून खाली. तू जमिनीवर बस. ती आढेवेढे घेत बसली. तिथून मूर्ती थेट तिच्याकडे बघायला लागली. उभं राहिल्यावर मेरीची नजर जमिनीवर होती, बसल्यावर तुमच्यावर. हेच तर आमचं काम. भक्त कुठे बसणार ते धरून बुबुळ किती खाली घ्यायचं ते ठरवायचं. ही अक्कल कुठल्या पाद्र्याच्या चित्रात नसते. मी मुलीला सांगितलं, हा माणूस आपल्यातला आहे.

मग गाइडने खास गोष्ट म्हणून एक फोटो दाखवला. मूर्तीला वाळवी लागली तेव्हा दुरुस्तीसाठी डोकं धडावेगळं केलं होतं. मानेची खुंटी धडातल्या खाचेत बसते, त्या खुंटीवर आत, काळ्या रंगात काढलेला एकच डोळा सापडला. गाइडच्या मते ती गुप्त खूण होती, दृष्ट लागू नये म्हणून, किंवा जाळलेल्या जुन्या देवांची आठवण म्हणून. यावर कुणीकुणी लेखही लिहिलेत म्हणे.

मी हसलो. कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसलो असेन, कारण मुलगी दचकली.

"अगं, कसली खूण? ब्रश चालवून बघितलाय त्याने."

चोराची पावलं चोराला ठाऊक. डोळा काढताना दुसरी संधी नसते. ब्रशला रंग जास्त झाला की रेघ फुटते, कमी झाला की मध्येच सुटते. म्हणून आधी कुठेतरी एक डोळा काढून हात बघायचा. बरेच जण अंगठ्याच्या नखावर बघतात. मला ते पटत नसे, नखावर ब्रश घसरतो, मातीवर अडतो. ज्यावर काढायचं त्यावरच बघावं. मी मूर्तीच्याच अंगावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक डोळा काढायचो. पाटाच्या खाली, नाहीतर पाठीमागे आसनाआड. चारशे वर्षांपूर्वी कुणी एक माणूस, सगळं जळून गेल्यावर, परक्यांच्या देवीसमोर बसून हेच करत होता. त्यालाही हात कापायची भीती वाटली असणार.

मुलगी जमिनीवरच बसून होती. तिने सहज विचारलं, "बाबा, तुमच्या हातचं काही राहिलंय का हो कुठे?"

मी नाही म्हणालो आणि फोन ठेवल्यावर आठवलं की आहे. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो?

आमच्या घरी एकच गौर. गौरीचं विसर्जन होतं ते तेरड्याचं. मुखवटा परत डब्यात जातो आणि वर्षानुवर्षं राहतो. आमचा मुखवटा मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वतः केला, शाडूचा, आतून पोकळ. आखणीच्या दिवशी बायको समोर वाल सोलत बसली होती आणि मी तिचेच डोळे काढले. तिची डावी पापणी किंचित खाली असायची. मी थाप मारली की ती त्या डोळ्याने बघायची, बोलायची काही नाही. पुरं झाल्यावर तिने मुखवटा हातात घेतला, बघितला आणि म्हणाली, "मला देव्हाऱ्यात बसवून तुम्ही सुटणार नाही हां." तिखटाचा नैवेद्य करताना दर वर्षी ती मुखवट्याकडे बघून म्हणायची की हिला मटणात मीठ कमी लागतं, माझ्यासारखंच.

ती गेली त्या वर्षी भाद्रपद आला आणि मला तो डबा उघडवेना. धाकट्या भावाची बायको कांदिवलीहून आली. म्हणाली, भाऊजी, गौर पडून राहू नये, आम्ही आणतो. मी डबा उचलून दिला. तो द्यायला नको होता. बायकोचे फोटो आहेत घरात, पण फोटोत ती फोटोवाल्याकडे बघते. माझ्याकडे बघणारी ती फक्त त्या मुखवट्यात होती. नंतर चार वर्षं गौरीला त्यांचं बोलावणं आलं आणि मी चारही वेळा गुडघ्याचं कारण सांगितलं.

गाइडच्या त्या फोटोनंतरच्या बुधवारी मी बस पकडून कांदिवलीला गेलो. भाऊ कामावर होता. भावजयीने चहा टाकला. मी म्हणालो, गौरीचा मुखवटा जरा बघायचाय. तिला आश्चर्य वाटलं, पण तिने स्टुलावर चढून माळ्यावरून डबा काढला. काढता काढता आनंदाने सांगू लागली.

"गालांचा रंग पार उडाला होता ओ भाऊजी, गेल्या वर्षी नवीन करून घेतला. झकास झालाय. पापण्या पण लावल्यात."

कापड सुटलं. गुलाबी गाल, सोनेरी नथ, वर वळलेल्या काळ्याभोर पापण्या आणि मोठे टपोरे डोळे. सिरियलमधल्या सुनेसारखे. काम वाईट नव्हतं, रेघ साफ होती, बुबुळातला पांढरा ठिपका बरोबर जागी होता. पण ती कुणाकडेच बघत नव्हती.

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. एकेचाळीस वर्षं संसार केलेली बाई दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी समोर चहाचा कप होता. भावजय विचारत होती, छान आहे ना? मी म्हटलं, छान आहे. तिची काय चूक? रंग उडाल्यावर माणसं रंग देतातच.

कुणाकडून करून घेतलंस, असं मी विचारलं. स्टेशनजवळच्या मांडवात सीझनपुरता एक जण आला होता, म्हणाली. नाव काही विचारलं नाही. यंदा तिथे दुसरेच होते. एवढं मात्र तिच्या लक्षात होतं की दुसऱ्या दिवशी देतो म्हणालेल्या त्या माणसाने मुखवटा चार दिवस ठेवून घेतला, आणि ती आणायला गेली तेव्हा त्याने विचारलं होतं, आधीचं काम कुणाचं? घाईत होती, म्हणून घरातलंच आहे एवढं सांगून ती निघाली.

मी मुखवटा उलटा केला. मांडीवर घेतला. मानेची कड खिडकीकडे धरली. आतल्या काठावर माझा डोळा होता. डावा, पापणी किंचित खाली. त्या दिवशी ब्रश चालवून बघितला होता तो. काळा रंग तपकिरी पडला होता, पण रेघ कुठे सुटली नव्हती.

आणि त्याच्या शेजारी दुसरा डोळा होता. उजवा. ताज्या काळ्या रंगातला. तो मी काढलेला नव्हता.

आत मी कधीच उजवा डोळा काढला नव्हता, तो फक्त पुढे होता, चेहऱ्यावर. म्हणजे त्या माणसाने नवा रंग चढवण्याआधी माझा पुढचा डोळा नीट बघितला, आत माझा डावा सापडल्यावर त्याच्या बाजूला बरोबर अंतर सोडून, त्याच मापाचा, तिचा उजवा उतरवून ठेवला. बाहेर गिऱ्हाइकाला हवं ते केलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघेल अशीही जागा नव्हती.

त्या दोन डोळ्यांतून ती माझ्याकडे बघत होती. चार वर्षं गुडघ्याचं कारण सांगणाऱ्याकडे तिने जसं बघितलं असतं, तसंच.

"काय आहे ओ आत?" भावजयीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "ब्रश चालवून बघितलाय."

चहा गरम करून आणते म्हणून ती कप उचलून आत गेली. ती येईपर्यंत मी मुखवटा तसाच धरून बसलो होतो, पुढचा चेहरा माझ्या पोटाकडे आणि मान उजेडाकडे.