घटातलं डीएपी

माणसाचं नशीब मातीत लिहिलेलं असतं, अशी आमच्या घरात पक्की समजूत. माझं ज्या मातीत लिहिलं होतं, ती मी तेलीबांध्याच्या तळ्याकाठून टोपलीत भरून आणली होती.

मध्य प्रदेशाची वाटणी होऊन छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा कृषी खात्याच्या टेबल-खुर्च्यांबरोबर मीही भोपाळहून रायपूरच्या वाट्याला आलो. गाव राजधानी झालं होतं. निदान पाट्यांवर तरी. बायको मुलीला घेऊन नागपूरला माहेरी गेली होती आणि इकडे यायचं तिचं काही ठरत नव्हतं. नवरात्राच्या तोंडावर घरमालकांच्या फोनवर ती म्हणाली, "यंदा घट तुम्हीच बसवा. हिरवागार उगवला तं दसऱ्याले आम्ही येऊ, कायमच्या. नाही तं देवीच्या मनात नाही, असं समजा."

देवीशी माझं फारसं बोलणं नव्हतं. तरी परडीत माती पसरली, मधे कलश ठेवला, भोवती गहू पेरला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागलो. त्या खोलीत माझी वाट पाहणारं तेवढंच होतं.

चौथी माळ चढली तरी कलशाभोवती हालचाल नाही. कोंब आले ते पार काठाला, मोजके. बोटानं उकरून पाहिलं. गहू फुगून तपकिरी पडलेला आणि त्याला चिकटून करडे दाणे. डीएपी खत. अभनपूरकडच्या शेतकऱ्यांना मी हेच सांगत फिरायचो: खत बियाण्याच्या बाजूला, जरा खोल पडू द्या, अंगाला लागलं तर त्यातला क्षार पाणी ओढून घेतो आणि कोंब जळतो.

"मीच टाकलं," घरमालक म्हणाले. मराठ्यांच्या राज्यापासून त्यांचं घराणं रायपुरात. फोन त्यांच्याच बैठकीत असल्यामुळे आमचा संसार त्यांना तोंडपाठ. "पेरलं त्याच दिवशी, तुम्ही ऑफिसात होते तेव्हा. मूठभर. काहून, कमी पडलं का? राजधानीतला घट आहे भैया, मरतुकडा नाही चालत. वहिनी याले पाहिजे ना!"

अष्टमीला तिचा फोन आला. घरमालक समोर उभे राहून हातानं कोंबांची उंची दाखवत होते. ती चांगली कमरेपर्यंत गेली होती. पण तसं सांगितलं असतं तर दसऱ्याला बायको येऊन घट पाहणारच होती.

"काठानं उगवलंय," मी म्हणालो.

"अन् मधात?"

"मधात घरमालकांच्या हातून खत पडलं. जळलं."

"देवीनंच त्यायच्या हातून टाकवलं असंल," ती म्हणाली. आवाज हलका झाला होता, ओझं उतरल्यासारखा. क्षाराचं समजावणं राहू दिलं आणि मी फोन ठेवला.

मुलीची शाळा नागपूरलाच राहिली. दसरा झाल्यावर घरमालकांनी घटातली माती अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतली. कढीपत्ता जोरात आला.