ॲपमध्ये स्पीडब्रेकर बसतो का?

समाजासाठी ॲप बनवायला घेतलं की आधी काय तयार होतं, माहितीये? किस्से! ॲप मागून येतं, आलं तर. आमचंही तसंच झालं. आता कुठेही चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, ती दाराची गोष्ट सांग ना." पण दाराच्या आधी बरंच काही घडलं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही भिवंडीतले दोघं. मी स्क्रीन आखते, निलेश कोड लिहितो. कोन गावाच्या पुढे आणखी एक गाव आहे. तिथे शाळेच्या अरुंद रस्त्यावरून गोडाऊनचे कंटेनर घुसतात. सुगंधाकाकूंची नात तन्वी पहिलीत. एक दिवस तिचं दप्तर कंटेनरला अडकलं आणि पोर चार पावलं फरफटत गेली. गुडघे फुटण्यावर निभावलं, नशीब! पण तेव्हापासून काकूंनी तिला घरीच बसवली. शाळेतल्या बाई दोनदा समजावून गेल्या. काकूंचं एकच, "रस्ता मोकला होऊ दे, मंग धाडते." तन्वी दारात बसून बाकीच्या पोरांना शाळेत जाताना बघायची. आम्ही ठरवलं, तक्रारीचं ॲप करायचं आणि हा रस्ता मोकळा करायचा.

*

पहिली मीटिंग काकूंच्या ओटीवर. मी मोठ्या शहाणपणाने विचारलं, "काकू, ॲपमध्ये तुम्हाला काय काय पाहिजे?"

"स्पीडब्रेकर."

"अहो, तो ॲपमध्ये नाही बसत."

"मंग ॲप कशाला?"

निलेशने लॅपटॉप हळूच मिटला.

*

आमच्या धंद्यात आधी कागदावर स्क्रीन काढतात. समोरच्याने कागदावरचं बटण दाबायचं, आपण पुढचा कागद सरकवायचा. माणूस कुठे अडतो ते त्यात कळतं. काकूंनी बटण दाबलं, मी कागद सरकवला. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकवला. चार कागद झाल्यावर काकूंनी माझ्याकडे अगदी कीव येऊन बघितलं.

"ऱ्हातेस भिवंडीला ना गो? मंग दर टायमाला कागद सरकवायला एवढ्या लांबून येशील?"

*

आता दाराची गोष्ट.

ॲप सुरू झालं, पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या, आणि आम्ही डोकं धरून बसलो. काकूंच्या सगळ्या तक्रारी दुपारी दीड ते दोनच्या मधल्या. शाळा तर सकाळची! बरं, फोटोत कंटेनर नाहीच. दर फोटोत एक निळं दार आणि त्यावर पुसट पांढऱ्या रेघा. निलेशचं म्हणणं, कॅमेऱ्याच्या कोडमध्ये बग आहे. माझं म्हणणं, ट्रकवाले जेवायला येत असतील. दोन दिवस तावातावाने भांडलो. शेवटी मला राहवेना, रिक्षा केली आणि गेले बघायला.

दार काकूंचंच! त्यावर खडूने सकाळी घुसलेल्या गाड्यांचे नंबर लिहिलेले, वरपासून खालपर्यंत! घरात फोन एकच, आणि तो मुलाबरोबर पॉवरलूमवर ड्युटीला. मुलगा दुपारी जेवायला घरी आला की काकू दाराचा फोटो काढून पाठवायच्या.

"त्याचं जेवन होईस्तोवर फोन माजा," काकू म्हणाल्या.

कॉलेजात यूजर रिसर्चमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याला समजून घेण्याच्या विषयात, माझा पहिला नंबर होता. घरात फोन किती, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

*

गावात सगळ्यात जास्त तक्रारी कुणाच्या? किसनशेठच्या! सकाळी सकाळी हॉर्नने त्यांची झोपमोड व्हायची. त्यांनी ॲपला पाच स्टार दिले, सगळ्या भाऊबंदांना लिंक पाठवली. असा यूजर मिळायला भाग्य लागतं! आम्ही अगदी हरखून गेलो. मग निलेशने सहज विचारलं, "शेठ, या गाड्या जातात तरी कुठे?"

"माज्याच गोडाऊनला."

"मग तक्रार कुणाची करताय?"

"गोडाऊन माजं हाय. गाडी थोडीच माजी हाय?"

*

आम्ही नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ॲपचं पोस्टर लावलं होतं, गावकऱ्यांसाठी. एक दिवस हिंदीत तक्रार आली. पाठवणारा कंटेनरचा ड्रायव्हर!

"मैडम, हमको भी इस गली में घुसने का शौक नहीं है। निकलते टाइम आधा घंटा रिवर्स मारना पड़ता है। गोदाम का हाईवे वाला गेट खुलवा दो, फिर इधर कौन आएगा?"

हायवेला गेट आहे? आम्हाला पत्ताच नाही! इतके दिवस सगळ्या गावाला विचारत फिरलो. जो गाडी चालवतो त्याला विचारावं, हे आमच्या एकाही कागदावर नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

काकूंना घेऊन तडक किसनशेठकडे गेलो.

"गेट हाय ना," शेठ म्हणाले. "पन कुलूप हाय. आतल्या बाजूला माजी जोडी बांधलीय."

जोडी म्हणजे शर्यतीचे बैल. शेठचा जीव की प्राण.

"तिकडून गाड्या सोडल्या तर हॉर्न ऐकून बिचकतील बिचारे."

काकू पुढे झाल्या.

"आनि आमची तन्वी, किसन? ती न्हाय बिचकत?"

 शेठनी कान खाजवला आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी बैल घरामागे आले आणि गेटचं कुलूप निघालं.

*

त्यानंतर तक्रारी बंद. दोन आठवडे स्क्रीनवर शून्य. खरं तर पेढे वाटायला हवे होते, पण निलेश तोंड पाडून बसलेला. "एवढं कष्टाने केलं, आता कुणी उघडतच नाही."

सोमवारी सकाळी सात वाजता एक तक्रार आली. सुगंधाकाकूंची! पुन्हा कंटेनर घुसला की काय? भीत भीत फोटो उघडला.

रस्ता रिकामा. मधोमध तन्वी, पाठमोरी, पाठीवर दप्तर, शाळेकडे निघालेली.

आम्हाला दाखवायला म्हणून काकूंनी त्या दिवशी मुलाला बिनफोनचं ड्युटीवर धाडलं होतं. आणि फोटो पाठवायला आमच्या ॲपमध्ये बटण एकच, तक्रारीचं. त्यांनी तेच दाबलं. मला तर रडूच फुटलं. निलेश उगाच चष्मा पुसत राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काकूच होत्या, भयंकर भडकलेल्या. तक्रार पोचली की ॲप आपोआप एक उत्तर पाठवतं. निलेशनेच लिहिलेलं, फार उत्साहाने: "तक्रार मिळाली. फोटोतली अडचण लवकरच रस्त्यावरून हटवण्यात येईल." गाड्या खरंच हटल्यापासून काकूंचा त्या शब्दांवर पक्का विश्वास बसला होता.

"कोनाला हटवतोस रं?" काकू फोनमध्ये कडाडल्या. "शालेत चाललीय ती! हात तर लावून बघ!"