करमलांचा रस आणि तीन दिवसांची उचकी

लग्न होऊन मी मालवणजवळच्या त्या खाडीकाठच्या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. नवरा मुंबईला कचेरीत कारकून; गणपतीला आणि मे महिन्यात तेवढा यायचा. एरवी घरात सासू, सासरे आणि मी. माझं माहेर फोंडाघाटचं. मला मासे साफ करता येत नसत, आणि सासूबाई दिवसातून दोनदा तरी ते बोलून दाखवत.

मामंजी जुने तांडेल. गलबतं घेऊन पार मलबारपर्यंत गेलेला माणूस. पण मी आले त्या वर्षी त्यांच्या पायांना सूज यायला लागली. सकाळी तोंडही सुजलेलं असायचं. मालवणच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, मूत्रपिंडाचा विकार आहे म्हणून सांगितलं आणि मीठ बंद केलं.

खाऱ्या वाऱ्यात जन्म गेलेल्या माणसाचं मीठ तोडायचं म्हणजे काय ते मी पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी पेजेचं ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी आमटीची वाटी अंगणात भिरकावली.

"असलां अळणी गुरांक घाला! माका नको!"

आठवड्याभरात त्यांच्या गालांची हाडं दिसायला लागली. सासूबाई माझ्यावर चिडत, कारण चूल माझ्याकडे होती.

विहिरीपाशी करमलाचं झाड होतं. पाच धारांचं पिवळं फळ, आडवं कापलं की चकतीची चांदणी होते. आम्ही ते कधी आमसुलाऐवजी कढीत टाकायचो, कधी लोणचं घालायचो. दिवाळीनंतर झाड भरून आलं होतं. माझ्या मनात आलं, जिभेला खारट मिळत नाही तर आंबट देऊन बघावं. त्या दिवशी बांगड्याच्या कढीत मीठ न घालता चार करमलं ठेचून टाकली.

मामंजींनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"काय घातलंस गो ह्यात?"

"करमलां, मामांनू."

"बरां लागता," म्हणाले आणि ताट चाटूनपुसून संपवलं. मग सांगायला लागले, गलबतावर महिने निघाले की खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, तेव्हा आंबट फळासारखं औषध नाही. सासूबाईंनीही त्यात भर घातली: करमलाने पित्त उतरतं, पोट साफ राहतं, तोंडाला चव येते. त्या घरात मी काही बरोबर केलं असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

मग मी थांबले नाही. कढीत करमल, चटणीत करमल, आणि दुपारी गूळ घालून रस. मामंजी पेलाभर पीत, मग दोन. एका दिवशी त्यांनी तीन पेले मागितले, मी दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचकी लागली.

आधी आम्ही हसलो. "झिलान आठवण काढल्यान," सासूबाई मुंबईतल्या मुलाबद्दल म्हणाल्या. साखर दिली, पाणी दिलं, श्वास कोंडून धरायला लावला. दुपारपर्यंत उचकी थांबली नव्हती. शेजारणीने मोरपिसाची राख मधातून आणून दिली. संध्याकाळी मामंजींना धड बोलता येईना. शब्द अर्ध्यावर तुटे, छाती उडे. सासूबाईंनी उतारा म्हणून पुन्हा रस दिला. मीच काढून दिला होता तो.

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते त्यांच्या ओरडण्याने. खाटेवर बसून त्यांनी माझा दंड धरला होता आणि माझ्याकडे बघत होते, पण ते मला बघत नव्हते.

"शीड उतरवा रे! वारो फिरलो!"

"मामांनू, मी आसंय. तुमची सून."

"शीड उतरवा!" आणि परत उचकी.

शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बांधून उचललं. मालवणला जायचं तर खाडी ओलांडायची, आणि आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. माणसं पलीकडे नेणारी होडी, आमच्याकडची तर, चिखलात रुतून बसली होती. तरवाला म्हणाला, पाणी चढल्याशिवाय निघत नाही. दोन तास आम्ही त्या उन्हात बसून होतो. मी मामंजींच्या उचक्या मोजत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तरीसाठी थांबलेल्या आणखी चार-पाच माणसांसमोर सासूबाई एकदम माझ्याकडे वळल्या.

"खरा सांग. काय घातलंस तेंका?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुद्दाम मी काहीच घातलं नव्हतं. पण मनातल्या मनात मी मागचे दिवस लावून बघत होते. कढी सुरू केली, तेव्हा काही नाही. एक पेला, काही नाही. तीन पेले, आणि दुसऱ्या सकाळी उचकी. काल परत रस, आणि आज हे.

मालवणला पोहोचल्यावर डॉक्टरांनी तपासलं, एक सुई दिली. "खाण्यात काय चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"करमलाचा रस," मी म्हणाले. "मी दिला. रोज."

"करमल? ते चांगलंच की. क जीवनसत्त्व भरपूर असतं त्यात. आजारी माणसाला काही वाईट नाही."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी विचारलं, "तरी बंद केलं तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फळ बंद केल्याने कुणी मरत नाही. करा बंद."

भरतीला परत आलो. घरात पाऊल टाकताच सासूबाई विहिरीकडे गेल्या आणि पदरभर करमलं घेऊन आल्या. डॉक्टरांनी चांगलं म्हटलं एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मामंजीही खाटेवरून हात पुढे करून म्हणत होते, "रस... दी... रस." सासूबाईंनी पेला भरला. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि न्हाणीत ओतला.

"ह्यो रस मी देवचंय नाय."

त्यांनी हात उगारला. मी डोळे मिटले, पण हात पडला नाही. "तू माझ्या घोवाक उपाशी मारतलंस," एवढं म्हणून त्या खाली बसल्या. मी उरलेली फळं उचलली, कुंपणाबाहेर शेणाच्या गायरीत टाकून आले, आणि पुढचा दिवसभर मामंजींच्या खाटेपाशी बसून राहिले, कोणी त्यांच्या हातात काही देऊ नये म्हणून. मला पाय उचलून माहेरी पळावंसं वाटत होतं. माझं चुकलं असेल आणि ते गेले, तर या घरात मी कुठल्या तोंडाने राहणार होते?

तिसऱ्या दिवशी दुपारी उचक्यांमधलं अंतर वाढलं. चार वाजायच्या सुमारास मामंजींनी डोळे उघडून विचारलं, "म्हशीक पाणी दाखवलंस गो?" मी उठून परसात गेले आणि तिथे रडले.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. आजार बरा होणारा नव्हताच. आंबट म्हणून मी आमसूल द्यायला लागले, तेही मोजून. माझा अंदाज खरा होता हे मला फार वर्षांनी कळलं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की निरोग्याला हे फळ उत्तम: साखर कमी, चोथा चांगला, क जीवनसत्त्व भरपूर. पण त्यात एक द्रव्य असतं, ते चांगली मूत्रपिंडं बाहेर टाकतात. बिघडलेल्यांना ते जमत नाही. मग उचकी, भ्रम, कधी मरणही. ते तीन पेले मीच भरले होते.

सासूबाईंनी त्या दिवसाबद्दल कधी काही म्हटलं नाही. पण मामंजी गेल्यावर एकदा शेजारीण नवऱ्याच्या पित्तासाठी करमलं मागायला आली. तिच्या नवऱ्याच्या पायांवरही सूज होती. सासूबाई ओटीवर भात पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका नको विचारूस. माझ्या सुनेक विचार, ती देतली तर ने."


मी दिली नाहीत.