आबिद रोडची जाऊ

आमच्या धाकट्या जावेला रिकामी जागा बघवत नसे. पार असो, पायरी असो, विहिरीचा काठ असो, तिथे कोण बसतं, कोण बसून गेलं, हे तिला कळलंच पाहिजे. लग्न होऊन आमच्या घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने अंगणातल्या दगडाकडे बोट दाखवून सासूबाईंना विचारलं, "ह्या दगडावर कोण बसतं, अम्मा?" सासूबाई म्हणाल्या, "कोन बसतंय? कोंबडी बसती." मी तोंडाला पदर लावून हसले. त्या हसण्याची भरपाई पुढे मला बरीच करावी लागली.

आमचं गाव नर्सीजवळ, कयाधूच्या काठी. ही मात्र थेट हैदराबादची. धाकटे दीर तिकडे शिकायला होते, तिथेच सोयरीक जुळली. तिचं माहेर सुलतान बाजारात, आणि तिथून आबिद रोड हाकेच्या अंतरावर. त्या काळी निजामाच्या राज्यात जे काही झकपक होतं ते त्या रस्त्यावर. नबाबांच्या मोटारी, टॉकीज, इराण्याची हॉटेलं, फोटोवाल्यांची दुकानं. तिचं प्रत्येक वाक्य "आमच्या आबिदवर" असं सुरू व्हायचं. सासूबाईंनी पंधरा दिवस ऐकून घेतलं आणि मग मला हळूच विचारलं, "हा आबिद कोन गं? हिचा मामा व्हय?" तेव्हापासून गावाने तिचं नाव आबिदवाली ठेवलं.

तिच्याकडे एका हॉटेलची गोष्ट होती. भिंतीला आरसे, संगमरवरी टेबलं. सिनेमातली एक मोठी नटी एकदा तिथे आली आणि अर्धा कप चहा पिऊन गेली. मालकाने तो कप पुन्हा वापरला नाही. खाली लाल कागद घालून काचेच्या कपाटात ठेवला, आणि लोक नुसता कप बघायला चहा मागवू लागले. त्याच हॉटेलात खिडकीजवळची खुर्ची एका शायराची. नवखा कुणी बसलाच तर पोऱ्या येऊन सांगे, "उठा साहेब, ही जागा त्यांची आहे." मी म्हटलं, "उष्टा कप काचेत? त्यांच्याकडं भांडे घासायला बाई न्हाई व्हय?" बायकांतली एकही हसली नाही. उलट राहीबाई म्हणाली, "आक्का, जरा थांबा की. सांगून राहिली ना ती."

ही राहीबाई आमच्या शेजारची, धनगराची. तिचा मेंढवाडा आमच्या परसाला लागून. तीही फितूर व्हावी, हे मला जास्त लागलं. कारण आबिदवाली येण्याआधी आमच्या ओसरीवरची दुपार माझी होती. बायका हळकुंडं निवडायला जमायच्या आणि मी बिबट्याची गोष्ट सांगायची. माझी सुमन तान्ही होती तेव्हा भर दुपारी बिबट्या राहीबाईच्या वाड्यात शिरला होता. गडीमाणसं शेतात. मी उजव्या कडेवर सुमनला घेतलं, डाव्या हातात डाळीची पितळी पळी घेतली, आणि पालथा हंडा असा बडवला की बिबट्याने मेंढरू तिथेच टाकलं आणि तो नदीकडे पळाला. पळीची दांडी त्या दिवशी वाकली ती वाकलीच. पंचक्रोशीत मला त्या पळीने ओळखायचे. नर्सीच्या बाजारात अनोळखी बायका कोपराने एकमेकींना खुणावून मला दाखवायच्या, आणि मी न दिसल्यासारखं करून जरा हळू चालायची.

आबिदवालीने ते सगळं पुसून टाकलं. दुपारी काम आटोपलं की ती बायकापोरींना गावातून फिरवून आणायची. मारुतीचा ओटा म्हणजे टॉकीज. पाणंदीच्या वळणावर नबाबांच्या मोटारी थांबायच्या. निंबाखाली शायराची खिडकी. "इथून बराबर चार पावलं पुढं या, आता डावीकडं बघा, ते घड्याळाचं दुकान," असं ती म्हणायची, आणि माझ्या शपथेवर सांगते, सगळ्या जणी डावीकडे असलेल्या उकिरड्याकडे डोळे मोठे करून बघायच्या. माझी सुमन सगळ्यांत पुढे. ती काकूसारखं चालायला लागली, काकूसारखं "हौ" म्हणायला लागली. एकदा मी तिला वेणी घालायला बोलावलं तर म्हणाली, "काकू घालंल. तिला आबिदवरची वेणी येती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या कडेवर बसून हिने बिबट्या पाहिला ती कड माझी होती.

मीही गप्प बसणारी नव्हते. पुढच्या वेळी हळकुंडं निवडताना मी एकाचे दोन बिबटे केले. राहीबाईने मान वर न करता सांगितलं, "आक्का, येकच व्हता. मी व्हते ना तिथं." त्यानंतर मी ती गोष्ट सांगणंच सोडलं.

एक आबिदवालीच तेवढी मागे लागायची. चुलीपाशी दोघीच असलो की म्हणायची, "आक्का, बिबट्याचं सांगा ना. पळी कोणत्या हातात होती? हंडा कुठं होता?" मला वाटायचं, ही वरून मीठ चोळते आहे. "डाव्या हातात," एवढं सांगून मी भाकरी थापू लागायची. ती मात्र उठून परसात जायची आणि हंड्याच्या जागेवर उभी राहून मेंढवाड्याकडे बघत बसायची.

पाचसहा वर्षांनी दिरांना हैदराबादला नोकरी लागली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. बैलगाडी दारात उभी होती, सुमन काकूच्या कमरेला मिठी मारून रडत होती, आणि आबिदवाली सासूबाईंच्या देखत मला म्हणाली, "आक्का, एक मागू? तुमची ती पळी मला द्या." मी म्हटलं, "काहून? शहरात पळ्या मिळत न्हाईत व्हय?" ती म्हणाली, "ही नाही मिळत." सासूबाई बघत होत्या, नाही कसं म्हणणार? दिली. गाडी नदीत उतरेपर्यंत मी दारात उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, की हिने माझी ओसरी नेली, माझी पोरगी नेली, आता पळीही नेली. नंतर किती दिवस डाळ ढवळायला घेतली की हात त्या जागी जायचा आणि मी तिला चार शब्द सुनावायची.

रझाकारांची धामधूम सरली, रेल्वेने निर्धास्त जाता येऊ लागलं, तेव्हा मी हैदराबादला गेले. निमित्त सुमनच्या स्थळाचं. पोरीने हट्टच धरला होता, करीन तर हैदराबादचाच. हेही तिच्या काकूचंच पुण्य. हिंगोलीहून पूर्णा, तिथे गाडी बदलून काचीगुडा, आणि सबंध प्रवासात मी देवाला एवढंच मागत होते की तो कप खोटा निघू दे.

कप होता. लाल कागदही होता. आबिदवालीने माझा हात धरून मला आबिद रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, आणि तिने उकिरड्यापाशी दाखवलेलं घड्याळाचं दुकानसुद्धा तिथे होतं, चार पावलं पुढे, डावीकडे. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, कुणी बसत नव्हतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "चहा पांचट हाय." ती हसली. माझं पोटात दुखणं तिला बहुतेक पहिल्यापासून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरी आळीतल्या बायका आल्या. एकीने नवी पाहुणी बरोबर आणली होती. ती पाहुणी आत शिरताच भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला माझी पळी टांगलेली, मागे लाल कागद. तिने विचारलं, "हीच का ती?" आणि आबिदवालीने सुरुवात केली. बिबट्या एकच. उजव्या कडेवर सुमन, डाव्या हातात पळी. हंडा परसात, मेंढवाड्याच्या तोंडाशी. तिच्या अंगणातला नळ म्हणजे आमची विहीर, जिना म्हणजे राहीबाईचा वाडा. बिबट्या वळून बघतो त्या ठिकाणी ती थांबली, आणि मलाच धडकी भरली. मग तिने माझ्याकडे बोट केलं. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघू लागल्या जशी मी आदल्या दिवशी त्या कपाकडे बघत होते.

मी तेव्हा विरघळून जायला हवं होतं. खरं तर माझा जळफळाट झाला. गोष्ट माझी, बिबट्या माझा, आणि ती माझ्याहून चांगली सांगत होती. इतक्या वर्षांत मला एकदाही त्या बिबट्याला वळून बघायला लावायचं सुचलं नव्हतं. पळी परत मागावी असं ओठांवर आलं. मागितली नाही.

सुमन त्याच आळीत पडली. पुढे काही वर्षांनी आबिदवाली तापाचं निमित्त होऊन गेली, माझ्याआधी. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण तिथेही तीच पुढे. पळी सुमनकडे आली. मी तिच्या घरी गेले होते तेव्हा एक शेजारीण बसायला आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "ही कोणाची हो?" सुमन म्हणाली, "आमच्या काकूची." बिबट्याचं नाव नाही, माझं नाव नाही. जी माझ्या कडेवर होती तिनेच हे म्हणावं. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती शेजारीण पळीखालच्या पाटावर टेकू लागली.

"तिथं नका बसू," मी म्हटलं. "ती आमच्या आबिदवालीची जागा हाय."