मी मुलांना गप्प बसवलं

परवाच्या शनिवारी इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आमच्या मराठी मंडळाची दिवाळी झाली. तेव्हापासून मला स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथे लिहून टाकतो...

यंदा मुलांसाठी बाहुल्यांचं नाटक होतं. आमच्या सुलभाताई, रिटायर्ड डॉक्टर, त्यांचे शेजारी आन्री हे सत्तरीतले फ्रेंच गृहस्थ. हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचे खेळ त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पण बायको गेल्यापासून त्यांनी बाहुल्यांची पेटी उघडलीच नव्हती.

ताई हात धुऊन मागे लागल्या. त्यांच्याकडून एक धमाल नाटक लिहून घेतलं, त्याला मराठी यमकं जुळवली आणि त्यांच्या बायकोच्या वाट्याची बाहुली नाचवायला स्वतः शिकल्या. आन्रींनी मराठी ओळी इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केल्या... वीस पानं!

मी मंडळाचा सेक्रेटरी. ताईंनी ग्रुपवर स्क्रिप्ट टाकलं, मी थम्स अप दिला. फाइल उघडलीच नाही.

नाटक म्हणजे पिनड्रॉप सायलेन्स, हे पुण्यापासून माझ्या डोक्यात पक्कं. कुणाचा मोबाइल वाजला तर खाऊ की गिळू असा बघणारा मी. माइकवरून पोरांना दम भरला, "एकानेही तोंड उघडायचं नाही!" आणि पुढच्या रांगेत पहारा द्यायला बसलो.

पडदा उघडला. बाहुली म्हणाली, "टकटक टकटक चालली फार, सांगा मुलांनो, उघडू का...?" आणि थांबली.

माझ्या मुलीने तोंड उघडलं. मी डोळे वटारले, तिने मिटलं.

बाहुलीने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, जरा हळू. हॉलमध्ये चिडीचूप... आणि मी मनात म्हणतोय, काय शिस्त लावलीय!

असं दहा-बारा वेळा झालं. अर्ध्या तासाचं नाटक वीस मिनिटांत आटपलं. टाळ्या वाजल्या, पाहुण्यांचं भाषण संपल्यावर वाजवतात तशा.

ताई घामाघूम होऊन बाहेर आल्या. "अरे, पोरांना गप्प कोणी केलं? यमक त्यांनीच ओरडून पुरं करायचं असतं! आतून आम्हाला कोणी दिसत नाही रे, नुसतं ऐकू येतं."

मी चकली आणायच्या निमित्ताने सटकलो. आन्री पेटी भरत होते. मला म्हणाले, "सॉरी, तुमच्या मुलांना आवडलं नाही." आणि मी... "नो नो, व्हेरी नाइस" म्हणून हसलो. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

कारमध्ये लेक म्हणाली, "बाबा, मला सगळी उत्तरं माहीत होती." मला गाडी चालवणं अवघड झालं.

काल आन्रींच्या घरी गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चिडावं, मला चार शब्द सुनावावेत असं खरंच वाटत होतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मुलांना कंटाळा नव्हता आला?"

नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग ते तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ रडले...

दोन दिवस तो माणूस काय समजून बसला होता, आणि ते माझ्यामुळे. त्यांनी मला चहा पाजला. मी तो कसाबसा प्यालो.