ग्लासातलं तांबडं पाणी

"थांबा भाऊ, माह्या हातानं करून पाहू द्या."

असं म्हणून त्या पदर कमरेला खोचत आणि तळहात पुढे करत. दाखवलेलं ज्यांना पुरत नाही, असं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी तशा होत्या. तांदळाची गोणी आली की त्यांचा हात थेट कोपरापर्यंत आत जायचा. तळाची मूठ काढून त्या वास घेत, आणि गाडीवाला वरच्या दाण्यांचं कौतुक करत राही.

एकदा सोनं चमकवून देणारा माणूस त्यांच्या दारात बसला. बाटलीतल्या पाण्यात पोत बुडवायची, की नव्यासारखी होते म्हणे. मावशी म्हणाल्या, "पहिले तुमची आंगठी बुडवा, मंग माह्यी पोत." त्यानं बाटलीला बूच लावलं आणि गल्ली सोडली.

फोनवर कुणी बँकेचा साहेब बनून कार्ड बंद पडण्याची भीती घाले, तेव्हा त्या शांतपणे म्हणत, "पडू द्या बापा. माह्या घरातलं लय काही आधीच बंद पडेल हाय."

आम्ही हसायचो. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. आता पुढचं, जे मी तेव्हा महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव शेगावच्या बाजूचं, खारपाणपट्ट्यातलं. नळाला धरणाचं पाणी येण्याआधी सगळं गाव विहिरीचं खारं पाणी प्यायचं. मावशींचे यजमान किडनीच्या आजारानं गेले. दवाखान्याच्या खेपा संपल्या, घरात एक मुलगा उरला. आमच्याकडे पाणी या शब्दाला अशी भीती चिकटलेली आहे, आणि ती बाहेरून येणाऱ्यालाही कळते.

पालकसभेत एक जण पाण्याचं यंत्र विकायला आला. टेबलावर दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात यंत्राचं. दोन्हींत त्यानं विजेच्या सळया सोडल्या. नळाचं पाणी बघता बघता तांबडं झालं, वर काळपट फेस आला. यंत्राचं तसंच नितळ राहिलं. "हे विष तुम्ही लेकरांना पाजता," तो म्हणाला.

मावशी उठल्या. त्यानं हसत सळया त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी स्वतः नळावरून दुसरा ग्लास भरून आणला, स्वतः सळया सोडल्या. पाणी पुन्हा तांबडं. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातानं त्यांना फसवलं नव्हतं. तरी त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे असंच होते काय हो?"

"होतं," मी म्हणालो.

शब्द खोटा नव्हता. सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई झिजते, तो तिचाच रंग. यंत्र क्षार काढून टाकतं, म्हणून तिथं काही होत नाही. विषाचा त्यात संबंध नाही. हे मला माहीत होतं. आणि आदल्या आठवड्यात त्या माणसानं माझ्या स्वयंपाकघरात एक यंत्र फुकट बसवून दिलं होतं.

मावशींनी पोत मोडून यंत्र घेतलं. त्यांच्या मागे आणखी अकरा घरांनी घेतलं.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या माझ्यासाठी रोज यंत्राच्या पाण्याची बाटली आणू लागल्या. "तुम्ही खरं सांगलं म्हणून माह्या घरी चांगलं पाणी आलं. तुमच्याही पोटात जाऊ द्या." ती बाटली मी महिनाभर प्यालो. मग जमेना.

जेवणाची सुट्टी संपल्यावर प्रयोगशाळेतली बॅटरी आणि दोन खिळे घेऊन मी त्यांच्या चुलीपाशी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी खिळे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले.

"म्हंजे या बाटलीतल्या पाण्यात मीठ टाकलं, तर तेही तांबडं होईन?"

त्यांनीच चिमूट टाकली, त्यांनीच तारा जोडल्या. यंत्राचं नितळ पाणी हळूहळू तांबूस झालं.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"काऊन नाई बोलले?"

मी फुकटच्या यंत्राचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्याच्या तोंडाकडे पाहून नाई घेतलं, सर. तुमच्या तोंडाकडे पाहून घेतलं."

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. पोतीची भरपाई मी देऊ केली. त्यांनी हात मागे घेतला. "ते राहू द्या. ज्यायनं ज्यायनं घेतलं, त्यायले सांगा. माह्या समोर."

बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. बायांनी मला सोडलं नाही. "मास्तर हायत का दलाल?" एकीनं विचारलं, आणि मावशींनी तिला थांबवलं नाही. नंतर मात्र त्याच मला गावोगावच्या बैठकांना नेऊ लागल्या. तिथं तोच प्रयोग करायचो, मीठ त्या टाकत. पाण्याची शंका असेल तर बाटली भरून सरकारी प्रयोगशाळेत द्या, दारावरच्या माणसाच्या ग्लासावर जाऊ नका, एवढं मी सांगे. पण सुरुवात माझ्या खोट्यापासूनच करायची, ही त्यांची अट होती.

गेल्या वर्षी मुलाला देऊळगाव राजाला काम मिळालं आणि त्या त्याच्यासोबत गेल्या. त्यानंतर मोताळ्याकडच्या एका गावातून बोलावणं आलं. पहिल्यांदाच एकटा निघालो. बसमध्ये दोनदा वाटलं, आज फक्त प्रयोग दाखवू, बाकीचं कशाला.

समाजमंदिरात बाया जमल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली, तोच एक म्हातारी म्हणाली, "तुमीच काय हो ते, मांगं खोटं बोलेल सर?"

"हो. मीच."

ती सतरंजीवर थोडी सरकली. "मंग बसा इथं. पहिले च्या घ्या, अन् पुरं सांगा."